आपोआप गेरची गाडी

कवठे महांकाळला एस.टी.नं जायचं नाही, असं सुभेदार जोतीराम बर्गे यांनी १९७४ सालच्या चैत्रात एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं. ठरवायला अर्धा कप चहा पुरला. निस्तरायला महिना गेला, आणि तरीही ते पुरतं निस्तरलं असं म्हणता येणार नाही.

सुभेदार कोरेगावचे. तेवीस वर्षं मिल्ट्रीत तीन टनी ट्रक हाकून परत आलेले, आता घरचा ऊस बघत होते. कवठे महांकाळ हे त्यांच्या बायकोचं, शालूबाईंचं माहेर. तिथं सात वर्षांत दोघांचाही पाय पडला नव्हता. कारण असं की सात वर्षांपूर्वी धाकट्या मेव्हण्याच्या, हरिबाच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर नुसतं 'जोतीराम बर्गे' लिहिलेलं होतं. सुभेदार हा शब्दच नव्हता. तेवीस वर्षं बर्फ आणि वाळू खाऊन मिळवलेला शब्द पत्त्यातून गळतो म्हणजे काय, असं म्हणून सुभेदार लग्नाला गेले नाहीत आणि बायकोलाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून भाऊबीजेला शालूबाई चंद्राला ओवाळायच्या. पन्नास कोसांवर भाऊ धडधाकट असताना. त्या दिवशी सुभेदारांना जेवण जायचं नाही.

आता हरिबानं नवं घर बांधलं होतं आणि अक्षयतृतीयेला वास्तुशांत होती. त्याच्या पत्रात 'सुभेदारसाहेब' हा शब्द चार वेळा होता (सुभेदारांनी मोजला). शेवटी लिहिलं होतं, 'आक्कानं दारावर कुंकवाची बोटं उमटवल्याबिगर मी उंबरा ओलांडणार न्हाई. मुहूर्त दुपारी बाराचा हाय.'

"जाऊ या," सुभेदार म्हणाले. "पण सात वर्षांनी जावई जातोय, तो एस.टी.तनं डोक्यावर ट्रंक घेऊन उतरणार न्हाई."

सांगलीत बाहुबली चौगुले म्हणून हळदीचे व्यापारी त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या वडिलांनी मुंबईतल्या कुणा परत निघालेल्या परदेशी साहेबाकडून एक अमेरिकन गाडी घेतली होती. वडील गेले आणि गाडी हळदीच्या पोत्यांशेजारी धूळ खात पडली. सुभेदारांनी ती घेतली. गाडी अशी लांब की तोंड गल्लीच्या वळणावर पोचलं तरी शेपूट चावडीपाशीच असायचं.

"हिला क्लच न्हाई बरं का," किल्ली देताना बाहुबली म्हणाले. "दोनच पायडल. गेर आपोआप पडत्यात."

सुभेदार नुसते हसले. ज्या माणसानं एका गेरला दोनदा क्लच दाबून घाटात ट्रक चढवले, त्याला हे काय सांगायचं?

पण सांगली सोडली आणि गाडी कण्हायला लागली. इंजीन आभाळाएवढं गरजायचं आणि गाडी बैलगाडीच्या पुढं जायला मागायची नाही. पहिल्यातनं दुसरा गेर पडायचा तो रडतखडत, आणि तिसरा तर पडतच नव्हता. कराडच्या अलीकडं करपल्याचा वास सुटला. कोरेगावात पोचेपर्यंत तीन सायकलवाले त्यांना मागं टाकून गेले, त्यातला एक डबलसीट होता.

गाडीच्या कप्प्यात एक इंग्रजी पुस्तक होतं. सुभेदारांनी चष्मा लावून ते वाचलं. गेर नीट न पडण्याची त्यात चौदा कारणं दिली होती. तेल कमी, तेल जास्त, तेल जळलेलं, दांडी वाकलेली, असं करत करत ती चौदापर्यंत जात होती. (चालवणारा, हे कारण त्यात नव्हतं. पुस्तक लिहिणारे सभ्य लोक असावेत.) चार दिवस ते गाडीखाली आडवे होते. त्या गेरबॉक्सचं तेल कुंकवाच्या पाण्यासारखं लाल होतं. त्यांनी पुण्याहून आणखी मागवून ते काचेच्या बाटलीत भरलं आणि बाटली ओसरीवर ठेवली. शेजारच्या भामाबाईंनी हे मिल्ट्रीतलं औषध समजून गुडघ्याला चोळलं आणि लय गुण आला म्हणून दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आल्या. त्या तेलानं बरं झालेलं त्या महिन्यात तेवढंच.

शेवटी सुभेदारांनी गाडी साताऱ्याला गुंडा मिस्त्रीकडं नेली. गुंडा जीप आणि ट्रक दुरुस्त करायचा. एकदा जॅक निसटून त्याच्या डाव्या गुडघ्यावर ट्रक बसला होता, तेव्हापासून तो पाय वाकत नव्हता, पण डोकं शाबूत होतं. त्यानं गाडी तापू दिली, इंजीन चालू ठेवलं आणि तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल बोटावर घेतलं, वास घेतला.

"तेल बराबर हाय. जळालं असतं तर काळं पडलं असतं. करपल्याचा वास ह्या गेरच्या डब्याचा न्हाईच, सुभेदार."

"मग कशाचा?"

"त्येच बघायचंय. हे बघा, हा डबा दोन गोष्टी बघून गेर टाकतोय. तुमी पाय किती दाबलाय आन् चाक किती पळतंय. पाय लय आन् चाक कमी असलं की तिला वाटतंय चढ लागलाय. मग ती वरचा गेर टाकत न्हाई."

"सातारा रस्त्याला कुठं एवढा चढ हाय?"

"न्हाई. म्हंजी चाकाला कायतरी धरतंय."

मिस्त्रीनं पायडलपासून डब्याकडं जाणारी दांडी तपासली, अर्धा फेरा पिळली, आणि डावा पाय सीटवर आडवा टाकून स्वतः गाडी चालवायला बसला. पोवई नाक्यापर्यंत जाऊन परत आला. गाडी लोण्यातनं सुरी जावी तशी गेली आणि आली. तिन्ही गेर कधी पडले ते शेजारी बसलेल्या सुभेदारांना कळलंसुद्धा नाही.

"आता तुमी चालवा," मिस्त्री म्हणाला. "मी शेजारी बसून बघतो."

इथं सुभेदारांचं डोकं फिरलं.

"तू मला बघणार? तेवीस वर्षं मी रंगरूट शिकवले. गाडी बरी झाली न्हवं? बास."

मिस्त्री हात पुसत बाजूला झाला. सुभेदार निघाले. कोरेगावचा रस्ता धरला आणि गाडी पुन्हा कण्हायला लागली. परत फिरून मिस्त्रीला सांगणं म्हणजे त्याला शेजारी बसवणं आलं. सुभेदार परत फिरले नाहीत. घरी येऊन त्यांनी शालूबाईंना सांगितलं की परदेशी यंत्र आहे, त्याला मालकाची ओळख पटायला वेळ लागतो.

"मिस्त्रीची कशी पटली?" शालूबाईंनी विचारलं.

सुभेदार उसाला पाणी द्यायला गेले.

अक्षयतृतीयेला पहाटेच दोघं निघाले. शालूबाईंनी इरकली लुगडं नेसलं होतं. मांडीवर कुंकवाचा करंडा होता, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता की जणू सात वर्षं त्यातच होती. रहिमतपूर, मसूर, कराड. दर गावाला ऊन चढत होतं आणि गाडीचा वेग उतरत होता. मागून निघालेली एस.टी. धुरळा उडवत पुढं गेली. शालूबाईंनी तिच्या पाटीवरचं 'कवठे महांकाळ' वाचलं आणि मान वळवली.  त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर सुभेदारांना बरं वाटलं असतं.

सांगलीत पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि पुढच्या चाकांतनं धूर येत होता. सुभेदारांनी गाडी थेट बाहुबलींच्या वखारीपुढं उभी केली.

"चौगुले, तुमी मला बिघडलेली गाडी दिली."

बाहुबली शांत माणूस. त्यांनी आधी शालूबाईंना पाणी दिलं. चाकं निवू दिली, मग गाडीत बसून पेठेला एक वळसा घालून आले. गाडी गुणी लेकरासारखी वागली.

"हिला काय झालंय?" ते म्हणाले. "असं करू. तुमी मिरजेकडं चला. मी स्कुटरवरनं मागनं येतो. मागनं बघितलं की कळंल."

मागून बघायला सुभेदारांची हरकत नव्हती. मागून बघणं म्हणजे शेजारी बसणं नव्हे.

मिरज जवळ आली तशी बाहुबलींनी स्कुटर जोरात पुढं काढली आणि हात आडवा केला. गाडी थांबली. बाहुबली खिडकीशी आले. त्यांचा चेहरा असा होता की एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगायचीय आणि हसू तर येतंय.

"सुभेदार, रागावू नका. एक विचारू? तुमी ब्रेक दाबून का चालवताय?"

"कोण दाबतंय?"

"सांगलीपास्नं मिरजेपतुर मागचा तांबडा दिवा एकदा बी इझला न्हाई."

सुभेदारांनी खाली बघितलं. शालूबाईंनीही बघितलं. अमेरिकन गाडीचं ते रुंद ब्रेकचं पायडल, आणि त्यावर, क्लच असायचा त्या जागी, सुभेदारांचा डावा पाय हक्कानं विसावला होता. तेवीस वर्षं तो तसाच विसावत आला होता. उजवा पाय गाडी पळवत होता, डावा धरून ठेवत होता, आणि मधे ती बिचारी गाडी जन्मभराचा चढ चढत होती.



"गुंडा म्हणाला होता," सुभेदार म्हणाले, "चाकाला कायतरी धरतंय."

त्यांनी पाय काढून मागं घेतला. बाहुबली परत गेले, गाडी निघाली आणि फर्लांगभर नुसती पोहली. मग एक म्हैस आडवी आली आणि पाय आपणहून पुन्हा पायडलवर. सुभेदारांनी तो काढला. वळण आलं, पाय पुन्हा तिथं. त्यांनी त्याला मनातल्या मनात कवायतीचे हुकूम दिले. त्या पायानं आयुष्यभर त्यांचे हुकूम पाळले होते, नेमका आजच तो बंडखोर निघाला. पुन्हा धूर यायला लागला आणि घड्याळात पावणेअकरा झाले.

"थांबवा," शालूबाई म्हणाल्या.

त्या उतरल्या. पिशवीतला पंचा काढला, सुभेदारांचा डावा पाय मागं ओढला आणि सीटखालच्या लोखंडी दांडीला बांधून टाकला. गाठ घातली ती म्हशीला घालतात ती. ओढलं की आवळणारी.

"अगं, मी सुभेदार हाय."

"व्हय. आन् मी सात वर्षं चंद्राला ओवाळतीया. चला आता."

 सुभेदार निघाले. आणि गाडी काय सुटली म्हणून सांगावं. पहिला, दुसरा, तिसरा, एकामागोमाग गेर असे पडत गेले की वाटेतल्या बाभळी मागं पळायला लागल्या. सांगली-मिरजेच्या स्टँडांवर तास तासभर थांबून पुढं गेलेली एस.टी. त्यांनी शिरढोणच्या अलीकडं गाठली आणि मागं टाकली. शालूबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. सुभेदारांना त्या हसण्यानं इतकं बरं वाटलं की पायाचं ते विसरूनच गेले.

बाराला दहा कमी असताना गाडी हरिबाच्या दारात उभी राहिली. मांडव भरलेला होता. वाजंत्री थांबली. लोक गाडीभोवती गोळा झाले. शालूबाई उतरून पुढं गेल्या आणि हरिबा त्यांच्या गळ्यात पडला. मग डोळे पुसत तो दाजींकडं वळला आणि त्यानं स्वतः गाडीचं दार उघडलं.

सुभेदारांनी फेटा सारखा केला, छाती काढली आणि रुबाबात उजवा पाय बाहेर टाकला. डावा आला नाही. गाठ आवळली, आणि सहा फुटी सुभेदार सबंध मांडवादेखत हरिबाच्या पायांवर आडवे झाले. फेटा घरंगळत पार चुलीपाशी गेला.

 हरिबाचा हुंदका ऐकू आला.

"दाजी," तो त्यांचे खांदे धरत म्हणाला, "आवं तुमी थोरलं. माज्या पाया पडायचं व्हय? मी सगळं कवाच इसरलोय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक म्हातारा म्हणाला, "एवढा मिल्ट्रीचा माणूस, पर मन किती मोठं."

सुभेदार जमिनीवरून बघत होते. आपण क्षमा मागितलेली नाही हे सांगायचं, तर पाय का बांधलाय हे सांगावं लागणार होतं. ट्रक शिकवणाऱ्याला दोन पायडलांची गाडी आली नाही, हे सगळ्या तालुक्यापुढं. त्यांनी शालूबाईंकडं बघितलं. शालूबाई कुंकवात बोटं बुडवून दारापाशी उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. रडण्यानं नव्हे.

"चूक माझीच हुती, हरिबा," सुभेदार म्हणाले.

ते बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे खरंच आहे. पत्रिकेवरचा एक शब्द तो काय. शालूबाई पुढं आल्या, वाकून सगळ्यांच्या नकळत गाठ सोडली, आणि मग परत जाऊन दारावर पाची बोटं उमटवली.

जेवणं झाली. पंगतीनंतर हरिबा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, सीटखालच्या दांडीला लोंबणारा पंचा बघून आला.

"दाजी, मला शिकवता का ही चालवायला?"

सुभेदारांनी पान लावता लावता बायकोकडं बघितलं. पोट भरलेलं होतं, मन हलकं होतं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून खरं निघून जातं.

"शिकवतो की," ते म्हणाले. "पर हिला आधी डावा पाय बांधायला लागतोय."

सुभेदारांच्या शब्दावर शंका घेणारा हरिबा आता राहिला नव्हता. तो उठला, गोठ्यात गेला आणि दोन दावी घेऊन आला. एक स्वतःसाठी आणि एक, दाजींचा पाय बांधायला मघाशी पंचा आखूड पडला म्हणून.