इंदुताईंच्या खुब्याची मोहीम

अस्थींच्या अधिदेवतेस नमन करून भागानगर प्रांतीचे वर्तमान लिहिले ऐसे जे, काचीगुडा ठाणे येथील राजमान्य इंदुताई मावशीसाहेब पूजेपूर्वी स्वयंपाकघर पुसून अनवाणी निघाल्या आणि ओल्या फरशीने दगा दिला, आणि उजवे मनगट कामास आले.

खबर ऐकून भाची योगिनी हातचे काम टाकून दाखल जाहली. कां की तिच्या मातोश्रींचेही आधी मनगटच मोडले. ते जुळविणारे जुळवून मोकळे जाहले, हाड इतके ठिसूळ कां, हे कोणी पुसिले नाही, आणि वर्ष न फिरे तों खुबा मोडून त्या कैलासवासी जाहल्या. सबब दुसरा घाला येण्यापूर्वीच बंदोबस्त करावा, ऐसा योगिनीने निश्चय केला.

मग इस्पितळी मसलत बसली. हाडांचे डॉक्टर आणि व्यायामाच्या शिल्पाबाई, हे सरदार एरवी आपापला तंबू न सोडीत. त्यांस सरनोबत भाग्यलक्ष्मी सिस्टरांनी एका मेजाशी आणिले. मग हाडांची घनता मोजिली, ती फारच खालावलेली निघाली, आणि हुकूम सुटला की आठवड्यास एक गोळी उपाशीपोटी घ्यावी, आणि पायांस रोज कवायत द्यावी, आणि घरात रबरी चपला वागवाव्या. मावशीसाहेबांनी सर्व कबूल केले, परंतु चपलांवर तह फिसकटला, कां की देव स्वयंपाकघरातच.

“देवापुढं चपला? नक्को गं बाई!”

“अम्मा, पाय सरकला तर देव धरतील काय?” सिस्टरांनी पुसिले.

“आजवर धरलंच की.”

“मग हे प्लास्टर कशाचं, अम्मा?”

“मनगट काय, जुळतंय.”

“आईचंही जुळलं होतं, मावशी,” योगिनी बोलली.

दुसरे दिवशी प्रातःकाळी मावशीसाहेबांचे फर्मान निघाले की चपलांनी स्वयंपाकघरात यावे आणि देवांनी मुक्काम हलवावा. मग बाळकृष्ण, गणपती, अन्नपूर्णा यांची स्वारी ताम्हनात बसून दिवाणखान्यात टीव्हीशेजारी दाखल जाहली. तेथे सायंकाळी तेलुगु मालिका चालत. देवांनी हरकत घेतली नाही.

पुढे एके सकाळी स्वयंपाकघरात तांब्या निसटून पाणी सांडले आणि शत्रूने पुन्हा उचल खाल्ली. आवाज ऐकून योगिनी ओरडत धावली.

“ओरडतेस काय? उभी हाय मी.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. नुकसान तपशील: तांब्यास एक पोचा. खुबे दोन्ही शाबूत. योगिनीने फडके घेऊन फरशीवरील पाणी टिपिले, मावशीसाहेब रबरी चपलांत उभ्या होत्या.