घरातून काम, बाहेरून कुलूप

दिवेआगरच्या श्रेयसनं त्या बुधवारी बायकोला मदत करायचं ठरवलं. (इथंच कुणीतरी त्याला धरायला हवं होतं.)

आश्लेषा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. कंपनीनं महिला कर्मचाऱ्यांसाठी नवं धोरण काढलं होतं. घरी कामाला मोकळीक आहे अशी खात्री पटली, तर कायम गावातून काम. नाहीतर एक तारखेपासून पुण्यात हजर! ती खात्री करायला अकरा वाजता मृणाली मॅडम लॅपटॉपवर येणार होत्या. पुणं म्हणजे चार वर्षांची साक्षी एकतर आईशिवाय, नाहीतर बापाशिवाय.

आता दिवेआगरात बेल कोण वाजवतो? माणूस सरळ ओटीवर येतो, बसतो, चहा मागतो. पण कुलूप दिसलं की आल्या पावली परत फिरतो. म्हणून श्रेयसनं, आश्लेषाला न सांगता, पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कुलपं घातली, अंगणात वाळत घातलेली सुपारी परतली आणि तो वाडीत पाणी लावायला गेला. आपल्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता.

आत मॅडम विचारत होत्या, "घरात तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे ना?"

"पूर्ण!" आश्लेषा म्हणाली.

नेमकी तेव्हाच म्हावरं विकणारी नीराबाई ओटीवर आली. तिनं कुलूप पाहिलं, आतला आवाज ऐकला आणि टोपली खाली ठेवली.

"अगो सूनबाय! तुला कोंडून ठेवलान काय गो?"

मॅडम हसायच्या थांबल्या. "आश्लेषा, दार उघडून दाखवा."

आश्लेषानं पुढचं दार ओढलं. मग मागचं.

ओरडा ऐकून श्रेयस धावत आला. खिशात हात घालतो तर चाव्या नाहीत! सुपारी परतताना वाकला तेव्हाच पडल्या असणार. तो अंगणभर रांगत शोधू लागला. आश्लेषानं खिडकीच्या गजांतून लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"कुलूप का लावलंत?" मॅडमनी विचारलं.

"तिनं निवांत काम करावं म्हणून."

"सगळे असंच सांगतात. आश्लेषा, पोलिसांना कळवू का?"

श्रेयसला घाम फुटला. (सुपारी पुन्हा भिजायची वेळ आली.) नीराबाईनं मात्र चाव्यांची वाट पाहिली नाही. मासे कापायचा कोयता कडीत घातला आणि कोयंडाच उपटला.

आश्लेषा लॅपटॉप घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. "मॅडम, हा माणूस दुष्ट नाही हो. नुसती मदत करतो. त्यापायी माझी नोकरी घालवू नका. मला इथूनच काम करायचंय."

"कळवते," म्हणून मॅडमनी कॉल बंद केला.

संध्याकाळी मंजुरी आली. श्रेयसनं पेढे आणले, नीराबाईला दोन जास्त दिले आणि मंजुरीसोबत परत आलेला बायकोचा अर्ज मोठ्या मनानं वाचायला घेतला. 'घरून काम करताना येणारी मुख्य अडचण' या रकान्यात एकच शब्द होता: पती.

एवढं झाल्यावर हे लिहिणारच, म्हणून त्यानं समजूतदारपणे मान हलवली. मग तारीख पाहिली. अर्ज तीन आठवड्यांपूर्वीचा होता.