आई आली की परदेशी

वझलवार आमच्या घरून निघताना कधीही 'येतो' म्हणत नसत. सरळ 'जातो' म्हणत.

मराठी घरात दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहून कोणी 'जातो' म्हणालं की काय होतं, ते मी सांगायला नको. माझ्या सासूबाई हातातलं काम टाकून बाहेर येत, त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवत, घोटभर पाणी पाजत आणि म्हणत, "काहून असं अभद्र बोलता, भाऊ? आता नीट म्हणा, येतो म्हणून." वझलवार पाणी पीत, मिशी पुसत, उठत आणि म्हणत, "जातो, काकू."

एकदा मी विचारलं, "भाऊजी, एवढा एक शब्द म्हणायला तुमचं काय बिघडतं?"

"वहिनी, येतो म्हटलं म्हणजे री-एंट्री झाली. परत यायची परवानगी हातात नसताना येतो म्हणणं म्हणजे खोटं डिक्लेरेशन. त्याच्यासाठी मी दिवसभर लोकांना अडवून राहिलो, अन् घरी येऊन मीच करू काय?"

जबलपूरला नेपियर टाउनमध्ये एका जुन्या बंगल्याचे मालकाने तीन तुकडे करून भाड्याने दिले होते. मधल्यात आम्ही आणि मागच्या दोन खोल्यांत वझलवार, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा विलायतेत. आमच्या यांची नोकरी फॅक्टरीत, माझी शाळेत आणि वझलवारांची पोलीस कचेरीत. तिथे परदेशी लोकांच्या नोंदीचं टेबल त्यांच्याकडे होतं. जबलपुरात परदेशी माणूस येऊन येऊन किती येणार, असं कोणालाही वाटेल. पण छावणीत मित्रदेशांचे लष्करी अधिकारी शिकायला येत, बायकामुलांना घेऊन येत, आणि त्या सगळ्यांना वझलवारांच्या टेबलासमोर उभं राहावं लागे.

या लष्करी पाहुण्यांचे नियम वझलवारांना इतके आवडत की, ते जेवताना वाढलेल्या भातावरसुद्धा बोटाने रेघा ओढून समजावून सांगत. अधिकारी स्वतः त्याच्या सरकारच्या कागदावर येतो, त्याला कोणी हात लावायचा नाही. बायको आणि बिनलग्नाची मुलं त्याच कागदाला लटकून येतात, झब्ब्याला बटणं असावीत तशी. आई, बहीण, सासू मात्र लटकू शकत नाही. तिचा पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा, मुदत वेगळी. मग भात कालवत ते म्हणत, "फौजी एकटा आला तर पाहुणा. बायको आली तर परिवार. आई आली की परदेशी."

हेच नियम ते आमच्या गल्लीलाही लावत. कोणाकडे पाहुणा उतरला की रिक्षातून ट्रंक खाली येण्याआधी वझलवार फाटकाशी हजर. "अच्छा, येण्याचा हेतू? मुक्काम किती? परतीचं तिकीट काढून राहिले की नाही?" माझ्या सासूबाई अमरावतीहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनाही विचारलं, "कोणाच्या आधारावर आलात?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराच्या." "पोराचं लग्न झालं?" "झालं की. ही काय सून उभी आहे." "मग तुम्ही परिवारात बसत नाही," वझलवार म्हणाले आणि ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली. सासूबाई दिवाळी करून परत जाणार होत्या, त्या आमच्याकडेच राहिल्या. तेव्हापासून गल्लीत कोणी त्यांची चौकशी केली की वझलवार आवाज उतरवून सांगत, "काकू ओव्हर-स्टे करून राहिल्या."

बंगल्याच्या पुढच्या तुकड्यात सिलोनहून आलेले कॅप्टन गुणपाल राहायला आले. सोबत बायको सोमा. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळ जन्मतःच गेलेलं होतं, त्यामुळे ती फार धास्तावलेली असे, म्हणून कॅप्टनच्या आईला बोलावून घेतलं. पांढरं पोलकं कमरेच्या वस्त्रात खोचलेल्या, ठेंगण्या, हसऱ्या बाई. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणू लागलो. वझलवार कॅप्टनला पाहुणा, सोमाला परिवार आणि अम्मांना परदेशी म्हणू लागले.

कॅप्टन आईला घेऊन नोंदीला गेले, त्याच संध्याकाळी वझलवार आमच्याकडे घाम पुसत आले. "वहिनी, ती बाई सरळ तोंडावर सांगून गेली, मी परत येणार म्हणून. व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे हो तिचा."

झालं होतं असं की निघताना अम्मांनी हात जोडून त्यांच्या भाषेत 'गिहिल्ला एन्नम' म्हटलं. वझलवारांनी कॅप्टनला अर्थ विचारला. कॅप्टनने सांगितला: जाऊन येते. मी सोमाला विचारलं तर तिला हसू आवरेना. त्यांच्याकडे निरोप घेताना नुसतं 'जाते' कोणी म्हणत नाही, म्हणे. ते अशुभ. कितीही लांब जायचं असलं तरी 'जाऊन येते' म्हणायचं.

हे ऐकून सासूबाईंनी वझलवारांकडे असं पाहिलं की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाहा. समुद्रापलीकडच्या बाईला जे कळतं ते तुम्हाला कळत नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघी म्हाताऱ्यांचं गूळपीठ जमलं. एकीला सिंहली, दुसरीला मराठी, आणि दुपारभर गप्पा. अम्मांना रोज ओलं खोबरं लागे. त्यासाठी दोघी रिक्षा करून कमानिया गेटच्या बाजारात जाऊन पूजेचे नारळ हलवून हलवून पाहत आणि दुकानदाराला दोन भाषांत बोलत.

मग युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लागले, यांची फॅक्टरीत दुहेरी पाळी सुरू झाली, घरी आले तरी जेवता जेवता डुलक्या घेत. कॅप्टनची तुकडी सरावाच्या कॅम्पला बाहेर गेली. आणि वरून हुकूम आला की दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांच्या या शहरात लष्करी शिक्षणाला आलेले आणि त्यांच्या परिवारातले सोडून दुसरा कोणी परदेशी राहता कामा नये. मुदतवाढ बंद. अम्मांची मुदत संपत आली होती आणि सोमाचे दिवस भरायला अजून अवकाश होता.

सोमा माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "अम्मा गेल्या तर मी या बाळाला जिवंत पाहणार नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तशीच पदर खोचून मागच्या दोन खोल्यांकडे गेले.

"भाऊजी, तुम्ही माणूस आहात की रबरी शिक्का?"

"वहिनी, नियम मी बनवला काय?"

"मोडता तर येतो तुम्हाला."

"मोडला तर पुढचा कोण मानेल माझं?" ते खाली बघत म्हणाले. "एकीसाठी खोटं लिहिलं की सगळ्यांचं खरंही खोटं होते, बाप्पा."

मला इतका संताप आला की मी त्यांचा चहा बंद केला. ते स्वतःही फिरकले नाहीत. मागच्या पायरीवर बसून ते पुढच्या अंगणाकडे बघत राहत. अम्मा तिथे धुणं वाळत घालत, नारळ खवत, सोमाच्या सुजलेल्या पायांना तेल लावत. सासूबाई मला म्हणत, "त्याला बोलू नको. तो झोपत नाही आहे." मी म्हणे, बरं होतंय.

रविवारी सकाळी वझलवार कचेरीचा कोट घालून पुढच्या व्हरांड्यात आले आणि खुर्ची ओढून अम्मांसमोर बसले. मी आणि सासूबाई लगबगीने गेलो. मला वाटलं, निघायचा दिवस सांगायला आले. त्यांनी इंग्रजीत एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सोमा ते अम्मांना सांगू लागली.

"या घरात स्वयंपाक कोण करतं?"

अम्मांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"धुणं? भांडी? बाजार?"

बोट तिथेच.

"बाळ झाल्यावर त्याला न्हाऊमाखू कोण घालणार? बाळंतिणीचं कोण करणार?"

अम्मा, अम्मा आणि अम्मा.

"रात्री बाळ रडलं तर?"

अम्मांनी दोन्ही हातांनी झोळी करून हलवून दाखवली. वझलवारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "फौजी अधिकाऱ्याच्या परिवारासोबत घरकामाला आणलेला सेवक परिवारातच मोजतात, तो राहू शकतो. तसं नियमात आहे. मी सगळं विचारून खात्री केली. ही बाई घरकामाला आहे. हे खोटं नाही."

सोमाचा चेहरा लाल झाला. "ती माझ्या नवऱ्याची आई आहे. नोकर नाही."

"आई म्हणून लिहिलं तर परदेशी होते," वझलवार म्हणाले. "नोकर म्हणून लिहिलं तर घरची होते. मी काय करू, तुम्हीच सांगा."

अम्मांनी सुनेला विचारलं, हा माणूस काय म्हणतो? सोमाने अडखळत सांगितलं. अम्मांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांनी सोमाला काहीतरी विचारायला सांगितलं.

"त्या विचारतात, नोकराला आठवड्याची सुट्टी मिळते का?"

"नोकराला मिळते," वझलवार गंभीरपणे म्हणाले. "आईला मिळते की नाही, मला माहीत नाही."

मी सासूबाईंना हे मराठीत सांगितलं, तशा त्या कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. "मग मी या घरात कोण हो, वझलवार?"

"काकू, तुमचा विषय नका काढू. तुमचा ओव्हर-स्टे आहे."

दुसऱ्या दिवशी ते हे सगळं घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं, चष्मा पुन्हा घातला आणि सही केली. वझलवारांनी फाटकातूनच मान हलवली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी आधी चहा टाकला, मग सोमाला सांगायला धावले. सोमा अम्मांच्या गळ्यात पडली, आणि अम्मा मात्र चुलीवरचं करपेल म्हणून तिला ढकलत होत्या.

युद्ध थांबलं, काळे कागद निघाले आणि सोमाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वझलवार दवाखान्यात आले, बाळाकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, कोणत्या नाक्यावरून आली त्याचा पत्ता नाही, अन् आवाज पाहा." पण त्यांचं बोट तिच्या मुठीवरून फिरत होतं.

कॅप्टनचं शिक्षण संपलं. सगळ्यांना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. वझलवारही आले, आपण होऊन. परदेशी माणूस गेल्याची खात्री करावी लागते, म्हणाले. गाडीने शिट्टी दिली. अम्मांनी खिडकीतून हात बाहेर काढून सासूबाईंचा हात धरला, मग वझलवारांकडे वळून हात जोडले. "गिहिल्ला एन्नम."

मी वझलवारांकडे पाहत होते. त्यांनी हात जोडले आणि स्पष्ट म्हणाले, "या, अम्मा. जाऊन या."

गाडी गेली. मला गंमत सुचली. "भाऊजी, आता री-एंट्रीचं काय?"

ते रुळांकडेच बघत होते. "आमचा सुधीर याच फलाटावरून गेला, वहिनी. येतो बाबा, म्हणाला होता."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मुलाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. 'जातो'चं मूळ कचेरीत नव्हतं, या फलाटावर होतं, हे मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

"त्याने बोलावलं नाही तुम्हाला?"

"बोलावलं ना. पोरगं चांगलं आहे. पण कायमचं राहायला बाप त्याच्या परिवारात बसत नाही म्हणे. तिकडचे नियमही असेच आहेत." ते कसंनुसं हसले. "बाप गेला की परदेशी."

सासूबाई मागून म्हणाल्या, "मग नोकर म्हणून जा की. तुमचीच तर युक्ती."

वझलवारांनी यावर खरंच विचार केला. स्टेशनबाहेर येऊन ते रिक्षात बसले. मग म्हणाले, "स्वयंपाक येत नाही ना, काकू."

पुढच्या रविवारी सकाळी कोट न घालता, बाह्या वर करून ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. वरणाला फोडणी कशी देतात ते बघायचं होतं. सासूबाईंनी त्यांच्या हातात पळी दिली. मोहरी उडाली, मिशीला चटका बसला, हिंग जास्त पडला, आणि ते वरण आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

"उद्या कणीक मळायची," सासूबाई म्हणाल्या.

वझलवारांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि उंबऱ्यात थांबले. सवयीने सासूबाईंनी पाण्याचा पेला उचललाच होता.

"येतो, काकू," वझलवार म्हणाले.