पाठ टेकल्या भिंतीची बखर

श्री भिंत प्रसन्न.

दिवाणखान्याच्या पश्चिम भिंतीवर जे रण माजले, त्यात कोणी काय मिळविले आणि कोणाची पाठ कशी रंगली, हे साद्यंत लिहून ठेवावे, नाहीतर पुढे पोरेसोरे भलतेच सांगत सुटतील, ऐसी घरच्या थोरांची आज्ञा जाहली. त्यास, आम्ही ती भिंत समक्ष पाहिली आहे, बोट लावून पाहिली आहे, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. सबब लिहिल्यात पदरचे काही नाही.

त्या दौलतीचे थोरले स्वामी श्रीमंत आजोबासाहेब. नोकरीतून मोकळे झाल्यापासून दाराजवळची सतरंजी हेच त्यांचे तख्त आणि पश्चिम भिंत हीच पाठराखीण. सकाळी डोकीस तेल चोपडावे, आणि मग भिंतीस पाठ व मस्तक टेकून बसावे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करावी, पोस्टमन असो की गॅसवाला, कोणास म्हणून सोडू नये, ऐसा शिरस्ता. त्यायोगे मस्तकाचे जागी ताटाएवढा तेलकट डाग पडला होता. रंग मारावा आणि मग डागाने पुन्हा वर यावे, ऐसे किती वेळा जाहले त्याची गणती नाही.

मग काळ फिरला. वज्रचुडेमंडित सूनबाईसाहेब यांच्या कचेरीतील वरिष्ठ बाई चहास आल्या आणि डाग न्याहाळून पुसत्या जाहल्या, "भिंतीत ओल आहे का हो?" ते शब्द सूनबाईसाहेबांच्या काळजास लागले. पाहुण्यांनी उंबरा ओलांडला नाही तोच हुकूम सुटला जे, भिंतीस टेक्स्चर करावे, चांगले खडबडीत, की डाग दिसू नये आणि कोणी टेकूही नये. आणि आजोबासाहेबांनी आतल्या खोलीत खुर्चीवर बसावे, उशी मिळेल, पंखाही आहे.

आता आतली खोली म्हणजे काय, तर एक कपाट, इस्त्रीचे टेबल आणि शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडणारी खिडकी. माणसाने पाइपांची विचारपूस ती किती करावी? आजोबासाहेबांस खुर्चीचे दुःख नव्हते. दार गेले, आणि दाराबरोबर माणसे गेली, हे दुःख. परंतु पुरुष मानी, बोलून दाखविले नाही. इतकेच कळविले जे, छत हवे तितके खडबडीत करावे, छतास कोणी टेकत नाही.

चिरंजीव राजश्री, जे एका पक्षाचे पुत्र आणि दुसऱ्या पक्षाचे पती, त्यांस मसलतीस पाचारण केले असता मोबाइलात तोंड खुपसून तटस्थ राहिले. असल्यांस काय म्हणतात ते आम्हांस ठाऊक आहे, परंतु ही बखर घरातली लहान मुलेही वाचतील.

मग राजश्री रंगारीबुवा जंगी सरंजामानिशी दाखल जाहले. चढावयाचा लाकडी घोडा, बादल्या, पत्र्याच्या पट्ट्या, स्पंज आणि मोठ्या दातांचा एक कंगवा. सतरंजीची गुंडाळी होऊन ती कपाटावर कैद जाहली. प्रथम छतावर चाल केली, स्पंजाने ठोकून ठोकून खवले उठविले, आणि निम्मा माल बुवांच्याच मिशांवर उतरला. मग भिंतीवर पांढरा दाट लगदा चढविला, आणि कंगवा ओढून लाटांवर लाटा उठविल्या, आणि तो पुरातन डाग लाटांखाली गडप जाहला. जाताना बुवांनी ताकीद दिली जे, भिंत आतून ओली आहे, उद्या सकाळपर्यंत कोणी अंगचटीस जाऊ नये.

दिवस मावळता सूनबाईसाहेब कचेरीतून परतल्या. बसमध्ये उभ्याने येऊन पायांचे तुकडे पडले होते. चपला काढल्या आणि रोजच्या सवयीने, भिंतीकडे न पाहताच, बोलल्या, "आले हो बाबा." यावर रोज सवाल येई, "बसायला मिळालं का गं?" आणि मग कचेरीची तमाम गाऱ्हाणी, पर्स खांद्यावर असतानाच, तेथल्या तेथे रुजू होत. त्या दिवशी सवाल आला नाही. बाईंनी पर्स तशीच खुंटीस लावली. आपल्याच घरात परक्यासारखे वाटले, ऐसे त्यांनीच मागाहून सांगितले. मग तोंड धुण्यास आत गेल्या.

इकडे ती हाक आतल्या खोलीत पोहोचली, आणि आजोबासाहेबांच्या पायांस हद्दपारीची आठवण राहिली नाही. उठले, दिवाणखान्यात आले, उघड्या फरशीवर नेहमीच्या ठिकाणी बसले, आणि "बसायला मिळालं का गं?" ऐसे पुसून ऐसपैस टेकले.

भिंतीने जुन्या धन्यास ओळखले आणि घट्ट धरिले. सूनबाईसाहेब टॉवेल घेऊन येतात तो हा प्रसंग. "बाबा, आहात तसेच राहा, हलू नका," इतकेच बोलवले. चिरंजीवांनी त्या दिवसात प्रथमच मोबाइल खाली ठेविला, आणि मग उभयतांनी दंडास धरून स्वामींस सोडविले. बनियन पांढरे, टाळू पांढरी, आणि भिंतीत पाठ, दोन्ही खांदे आणि मस्तकाचा वाटोळा खळगा हुबेहूब उमटलेला.

सकाळी रंगारीबुवांनी पाहणी करून अर्ज केला, "एक हात मारतो, कोण बसलं होतं कळणारसुद्धा नाही."

"मारा," आजोबासाहेब खाली मान घालून बोलले. "चूक माझीच आहे. मी बसतो आत."

पट्टी भिंतीशी पोहोचली होती. सूनबाईसाहेबांनी बुवांचा हात धरिला आणि बोलल्या, "राहू दे. कळायलाच पाहिजे." आणि मग तह जाहला जे, सतरंजी जागी परत यावी, आजोबासाहेबांनी आपल्या खळग्यात बसावे, आणि तेल मात्र थोडे बेताने चोपडावे. पैकी तेलाचे कलम आजतागायत पाळले गेलेले नाही. चिरंजीवांनी त्या खळग्यात बसून पाहिले, परंतु त्यांच्या खांद्यांस तो बसला नाही.

पुढे त्याच वरिष्ठ बाई चहास आल्या. आजोबासाहेब खुर्ची देण्यास उठले तो भिंत नजरेस पडली. बाईंनी पुसिले, हे डिझाइन कोणाचे म्हणावे, छान आहे.

"आमच्या बाबांचं," सूनबाईसाहेब बोलल्या, आणि चहा टाकण्यास गेल्या.

येणेप्रमाणे पश्चिम भिंत फत्ते जाहली. शिक्का भिंतीवरच उठला आहे, कागदावर वेगळा करणे नलगे.