शंभर टक्के लोकसहभाग

मृणालिनीताई खांबेट्यांनी लालबागच्या त्या चाळीत ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली, त्याला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात संस्था मोठी झाली, दिल्लीपर्यंत भाषणं झाली, कपाटात शालींना जागा उरली नाही. पण चाळीस खोल्यांपैकी कचरा वेगळा देत एकोणचाळीसच. देणगीदारांच्या अहवालात 'लोकसहभाग' या रकान्यात ताई दर वर्षी साडेसत्त्याण्णव टक्के लिहीत आणि चडफडत. शंभर टक्के झाले की हाच प्रकल्प आणखी बारा चाळींत जाणार होता, आणि निवृत्तीआधी तेवढं एकच त्यांना बघायचं होतं.

उरलेली खोली शिवाअप्पांची. "कचऱ्यात कसलो ओलो नि कसलो सुको? टाकलो, संपलो!" असं म्हणत हा जुना गिरणी कामगार माशांचे काटे आणि दुधाच्या पिशव्या ताईंच्या डोळ्यांदेखत एकाच डब्यात टाकी. अंगणातल्या खताच्या खड्ड्याला वास येतो, तो बुजवा, हे त्याचं एकमेव मागणं. ते मागणं तसंच ठेवून डिसेंबरात अप्पा गेले.

ताई मनापासून रडल्या. वैरी खरा, पण बावीस वर्षांचा. आता टक्केवारी सुधारेल हा विचार स्मशानातच मनात येऊन गेला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून अप्पांच्या मुलाने, राजेशने, त्या पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या चिकूच्या झाडावरच्या खिळ्याला टांगल्या आणि वर झेंडूचा हार घातला. एरवी त्या खिळ्याला निर्माल्याची पिशवी असे. ती नेमकी धुवायला गेली होती. सहाव्या दिवशी सकाळी ताई आल्या. चष्मा कपाळावर. त्यांनी हार काढला, फडकं सोडलं, खड्ड्यात झटकलं आणि फावड्याने सगळं खालीवर केलं.

"वैशाली, बघ गं," त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, "कुणीतरी होमाची राखसुद्धा वेगळी बांधून दिलीय. कळायला लागलं लोकांना!"

वैशाली रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. "ताई," ती म्हणाली, "ते अप्पा होते."

राजेश धावत खाली आला. "डोकं ठिकाणावर आहे का ताई? बाबांना कचऱ्यात टाकलंत?"

"कचऱ्यात नाही रे, ओल्या..." ताईंच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्यांनी जीभ चावली.

मागोमाग अप्पांची बायको रखमा जिना उतरून आली. तिने खड्ड्यात बराच वेळ पाहिलं. "जन्मभर ह्यांका तुझो खड्डो बघवलो नाय गो बाय. आणि तू ह्यांका थयच घातलंस?"

ताई तिच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागल्या.

"रडान काय होतला? भर आता पिशवी."

अप्पा नेमके कुठे होते हे कुणालाच सांगता येईना, म्हणून चांगलं दहा किलो खत भरावं लागलं. संस्थेच्या पिशवीवर छापलेलं होतं, 'मातीतून आलेलं मातीत'.

दहाव्याला सगळे बाणगंगेवर गेले. पिशवी समुद्रात रिकामी झाली, पिंड मांडला, पण कावळा शिवेना. "आईला सांभाळीन बाबा," राजेश म्हणाला. कावळा समोरच्या कठड्यावर चोच घासत बसला. "खोली विकणार नाय." कावळ्याने मान फिरवली. तास गेला, गुरुजी घड्याळ बघू लागले. नवरा आता अडकून राहणार या धास्तीने रखमा पांढरीफटक पडली होती. तिने ताईंकडे पाहिलं.

ताईंना कळलं. त्या पुढे झाल्या, हात जोडले. बारा चाळी डोळ्यांसमोरून गेल्या. "अप्पा," त्या कशाबशा म्हणाल्या, "बुजवते खड्डा."

त्यांचे हात खाली येण्याआधी कावळा शिवला.

"शेवटाक आपलाच खरा केल्यानी," रखमा डोळे पुसत म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

मेलेल्याला दिलेला शब्द मोडायची छाती चाळीत कुणाचीच नव्हती. तेराव्याच्या आत खड्डा बुजला. चाळीच्या जिन्यावर बसून ताईंनी शेवटचा अहवाल भरला. लोकसहभागाच्या रकान्यात त्यांनी पहिल्यांदाच शंभर टक्के लिहिलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. खाली 'प्रकल्प बंद होण्याचं कारण' होतं. तिथे त्यांनी लिहिलं, 'लाभार्थ्याची अंतिम इच्छा'.