नसलेल्या बांधावरून गजाभाऊ

गजाभाऊ सपाट हिरवळीवर वळणं घेतात. समोर दीड एकर मोकळं गवत, मध्ये ना झाड ना दगड, आणि हा सत्तरीला टेकलेला माणूस गवत कापायच्या गाडीवर ताठ बसून सरळ जाता जाता एकाएकी डावीकडे वळतो, थोडं पुढे जातो, पुन्हा उजवीकडे वळतो. मुंबईचे पाहुणे ओटीवर चहा पिता पिता हे बघतात आणि मला हळूच विचारतात, "यांनी सकाळी सकाळीच घेतलीय का हो?"

घेतलेली नसते. गजाभाऊ बांध चुकवत असतात. ही हिरवळ होण्याआधी इथे त्यांची भाताची खाचरं होती. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ती मुंबईच्या एका डॉक्टरांना विकली, डॉक्टरांनी बांध मोडून जमीन सपाट केली, फार्महाउस बांधलं आणि गवत कापायला गजाभाऊंनाच ठेवलं. बांध गेले, पण गजाभाऊंच्या डोक्यातून ते कुणी मोडले नाहीत. अजून ते "खालचं खाचर झालं, आता आंब्याखालचं घेतो" असं सांगून जातात. आंबाही आता नाही.

मी कशेळ्याच्या शाळेत तीस वर्षं मुलांच्या माना खाली घालायला लावल्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून या फार्महाउसची देखरेख पत्करली. गजाभाऊंचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे ते मला अजून 'बाई'च म्हणतात आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. बाकी मात्र माझं काडीचं ऐकत नाहीत.

ऐकतात ते फक्त इंजिनाचं. तरुणपणी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात ते पंपावर फिटर होते. तेव्हापासून एक फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर कायम त्यांच्या खिशात. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मध्येच कुणी बोललं की हात वर. "आदी ऐका, मंग बोला." हे वाक्य ते माणसांनाही लावतात. एकदा माझ्या मिक्सरलाही लावलं होतं. मिक्सर बरा झाला, चटणी मात्र दुपारपर्यंत राहिली.

या वर्षी गणपती गेले, पाऊस ओसरला, गवत गुडघ्याला लागलं. डॉक्टरांच्या मुलीचा साखरपुडा रविवारी याच हिरवळीवर ठरला होता. मंगळवारी गजाभाऊंनी शेडमधून गाडी बाहेर काढली. आषाढापासून ती जागची हललेली नव्हती. चालू झाली मजेत. दहा मिनिटं चालली, मग गचके खायला लागली, आवाज वर-खाली, वर-खाली, आणि खालच्या खाचरात बंद पडली. अर्ध्या तासाने पुन्हा चालू केली तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली. परत दहा मिनिटांनी तेच.

"मिसिंग मारतंय," गजाभाऊ म्हणाले. "कुन्या शान्यानं हात लावलाय हिला."

मग त्यांनी प्लग काढून घासला, नंतर नवाच बसवला. एअर फिल्टर झटकला. जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. कार्बोरेटर सोडवून माझ्या पोह्यांच्या ताटलीत मांडला आणि खराट्याची काडी घालून त्याची भोकं साफ केली. ती ताटली मी अजून वापरलेली नाही. प्रत्येक वेळी गाडी दहा मिनिटं खूश आणि मग रडगाणं. प्रत्येक वेळी त्या अज्ञात शहाण्याचा उद्धार. माळ्याचा झाला, दूधवाल्याचा झाला, एकदा माझ्याकडेही संशयाने बघून झालं. मी म्हटलं, "गजाभाऊ, मला स्वतःची स्कूटर स्टँडवर लावता येत नाही." तेव्हा कुठे मी सुटले.

गुरुवारी मी कर्जतहून एक मेकॅनिक बोलावला. त्याने एकदा किक मारल्यासारखं गाडीकडे बघितलं आणि निकाल दिला, "इंजिन गेलं." गजाभाऊंनी विचारलं, "ऐकलंस का तू तिला?" तो म्हणाला, "काका, ऐकायचं काय त्यात?" गजाभाऊंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

पण निकाल डॉक्टरांच्या कानावर गेला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. गाडी भंगारात काढा, आता वेळ घालवू नका, एक ठेकेदार आहे, त्याची माणसं शनिवारी येतील आणि पुढेही दर महिन्याला तीच येतील. बोलणं वाजवी होतं. मी गजाभाऊंना जसंच्या तसं सांगितलं.

ते स्क्रूड्रायव्हर पुसता पुसता म्हणाले, "मंग मला गेटातून आत कोन घेनार?"

"मी घेईन की. कधीही या."

"पावना म्हनून?" ते म्हणाले. मला वाईट वाटलं, आणि आपण वाजवी बोलणं इतक्या वाजवीपणे पोचवलं याचा रागही आला.

ते काय गमावणार होते ते मला ठाऊक होतं. हिरवळीच्या वरच्या कोपऱ्यात ओटीएवढी एक जागा आहे, तिथलं गवत इतरांपेक्षा काळपट हिरवं आणि दाट येतं. तिथे त्यांचा राब होता. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, त्यात भाताची रोपं करायची आणि मग ती खाचरांत लावायची. वर्षानुवर्षं भाजलेली ती माती अजून जोर धरून आहे. राब म्हणजे त्यांच्या बायकोचं, अनसूयाबाईंचं राज्य. गजाभाऊंनीच एकदा सांगितलं होतं, "चपला घालून पाय ठेवला तर इळा उगारायची माज्यावर." जमीन विकली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात अनसूयाबाई तापाने गेल्या. तो कोपरा गजाभाऊ गाडीने कधीच कापत नाहीत, विळ्याने कापतात. कारण विचारलं की म्हणतात, "तिथं चढ हाय. गाडी दम खाते." चढ कसला, तिथे गोटी ठेवली तर घरंगळणार नाही.

शुक्रवारी सकाळी ते आले आणि थेट गाडी चालू केली. दहा मिनिटं झाली, गचके सुरू झाले. या वेळी त्यांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनावर न टेकवता पेट्रोलच्या टाकीवर टेकवला. डोळे मिटले. मग हळूच टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून आत हवा शिरली, आणि इंजिन एकदम सुतासारखं चालायला लागलं.

"हिला श्वासच घेता येत नव्हता, बाई," ते म्हणाले. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यावी लागते, नाही तर पेट्रोल उतरत नाही. त्यांनी झाकण उलटं केलं. आत निळ्या प्लॅस्टिकचा एक गोल तुकडा नीट दुमडून बसवलेला होता. पाण्याचा थेंब टाकीत जाऊ नये म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात अर्ध्या गावाच्या मोटारसायकलींना असं प्लॅस्टिक लावलेलं असतं.

"सापडला तुमचा शहाणा," मी म्हटलं.

गजाभाऊ शेडच्या खिळ्याकडे बघत होते. तिथे त्यांचं पावसात पांघरायचं निळं प्लॅस्टिक लटकत होतं. त्याचा एक कोपरा गोल कापलेला होता.

"आषाढात शेड गळत होती," ते अगदी हळू म्हणाले. "मीच लावलं. इसरलो."

चार दिवस शिव्या खाल्लेला शहाणा माझ्यासमोर उभा होता आणि मला हसायला हवं होतं. हसू आलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टरांना उंदीर म्हणून सांगते. झाकणात उंदराने काहीतरी नेऊन घातलं म्हणते."

"उंदीर कशाला मधी? द्या फोन."

फोन हातात घेऊन ते उभे राहिले, खुर्ची होती तरी. "डाक्टरसायेब, चूक माजी हाय. हिचं नाक मीच बंद केलं व्हतं. गाडी चांगली हाय. तुमी ठरवा." पलीकडून डॉक्टरांचं हसणं मलाही ऐकू आलं. चालतेय ना, मग ठेवा, ते म्हणाले. ठेकेदाराला नको म्हणून कळवतो. फक्त त्या वरच्या कोपऱ्यात मांडव घालायचाय, तिथलं गवतही गाडीनेच एकसारखं कापून घ्या. आता गाडी ठीक आहे म्हणताय, तर काही अडचण नाही.

अडचण नव्हतीच. शनिवारी सकाळी गजाभाऊंनी खालचं खाचर कापलं, आंब्याखालचं कापलं, सगळे नसलेले बांध चुकवले. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा होता की माझ्यासारख्या अडाणी बाईलाही त्यात खोट सापडेना. मग ते वरच्या कोपऱ्यापाशी आले. राबाच्या कडेला गाडी थांबली. इंजिन तसंच चालू, गुळगुळीत. मी ओटीवरून उतरून तिकडे गेले.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरले. चपला काढून गाडीजवळ ठेवल्या आणि सीटखालून विळा काढला.

"अजून जरा अडकतंय हो बाई," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

उंदराचं नाव घेऊ न देणारा माणूस.

"हो," मी म्हटलं. "मलाही ऐकू आलं. डॉक्टरांना मी सांगते, इथे गाडी चालत नाही."

मग मीही चपला काढल्या, आणि ते कापत गेले तसं गवत मागून गोळा करत राहिले.