तळघरात कोणी राहत नाही

रोमिओ थिबोडोच्या तळघरात क्लोव्हिस दहाबारा वर्षं राहत होता, आणि रोमिओच्या तळघरात कोणी राहत नाही हे साऱ्या गावाला पक्कं माहीत होतं. दोघे कागदाच्या गिरणीतले जुने सोबती. बायको गेल्यावर क्लोव्हिस दोन पेट्या आणि एक अकॉर्डियन घेऊन "आठवडाभर टेकतो" म्हणून आला आणि टेकलाच. भाडं रोख, पावती नाही, आणि नगरपालिकेला थांगपत्ता नाही.

या थापेची देखभाल रोमिओने घराच्या छपरापेक्षा जास्त केली होती. पलंग उचलला की भिंतीत जाऊन बसे. शेगडीवर फळी टाकली की तिचं इस्त्रीचं टेबल होई. दारावरची घंटा वाजली की क्लोव्हिस कॉफीच्या कपासकट बंबामागे गडप. गिरणीत आगीच्या कवायतीला त्याने इतकी चपळाई कधी दाखवली नव्हती.

लपेना ते फक्त अकॉर्डियन. शेजारच्या ओपल हॅस्केलबाईंनी तक्रार केली, तेव्हा रोमिओने "मीच वाजवतो" असं नगरपालिकेला लिहून दिलं. बाई तरीही "तिथे दुसरा माणूस आहे" म्हणत राहिल्या. शेवटी त्याने त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन हळहळत सांगितलं, "आईचे कान एकदा दाखवून घे रे."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एक दिवस जेवताना ल्युसिलने, म्हणजे रोमिओच्या बायकोने, बातमी दिली.

"ऐकलंस का? चोरून केलेली बिऱ्हाडं जे आपणहून कबूल करतील त्यांना दंड माफ. वर दुरुस्तीला अनुदान."

"अनुदान? गुन्ह्याला?"

"गावात घरांची टंचाई आहे म्हणे. पण पुढच्या वर्षी सापडलं तर थेट कुलूप."

क्लोव्हिसने चमचा खाली ठेवला. "कुलूप म्हणजे, मी आत असताना की बाहेर?"

कोणी हसलं नाही. गावातली भाडी अशी चढली होती, की बाहेर पडलेल्या क्लोव्हिसला मोटारीतच झोपावं लागलं असतं, आणि त्याच्याकडे मोटार नव्हती.

"उद्याच अर्ज करतो," रोमिओ म्हणाला. "जन्मभर कायदा पाळला, तेव्हा कुणी विचारलं नाही. मोडल्याचे पैसे मिळतायत तर सोडतो काय!"

इन्स्पेक्टर डनिंग आले त्या दिवशी क्लोव्हिसला बजावून ठेवलं होतं, 'खुर्चीत बसून राहायचं, हसायचं.' पण घंटा वाजली आणि इतक्या वर्षांची सवय आड आली. रोमिओ साहेबांना घेऊन खाली उतरेपर्यंत पलंग भिंतीत, शेगडी फळीखाली आणि क्लोव्हिस बेपत्ता.

"कुठंय ते बिऱ्हाड?"

"हे काय, हेच!"

"ही कपडे धुवायची जागा आहे."

"क्लोव्हिस! अरे बाहेर ये!"

बंबामागे काहीतरी खुडबुडलं.

"गाढवा, बाहेर ये! नगरपालिकेचे साहेब आलेत, त्यांना तूच हवायस!"

हे ऐकून क्लोव्हिस आणखी आत सरकला. शेवटी ल्युसिलने त्याला कॉलरला धरून, जाळ्याजळमटांसकट बाहेर ओढला. डनिंगसाहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"मागच्या आठवड्यात एकाने मला कोठीतून सासरा काढून दाखवला," ते म्हणाले. "अनुदान म्हटलं की घराघरातून भाडेकरू उगवतात. साक्षीदार आणा. नात्यातला नको, मित्र नको. शेजारी. नाहीतर हे नवीन बांधकाम धरणार. मग अनुदानही नाही आणि परवानगीही नाही."

रोमिओच्या घराच्या एका बाजूला नदी होती. दुसऱ्या बाजूला हॅस्केलबाई.

ल्युसिलने केलेला केक पुढे धरून तो त्यांच्या दारात उभा राहिला. दार चारच बोटं उघडलं.

"काय रे, कोण मेलं?"

"कोणी नाही. मिसेस हॅस्केल, तुम्हाला आमच्या तळघरातून कधी काही आवाज..."

"छे बाई! मला कुठले आवाज! माझे कान तपासलेत ना तुम्ही लोकांनी."

"तसं नव्हे हो..."

"डॉक्टरला काही सापडलं नाही. मग मुलगा परतताना गाडीत म्हणाला, कान ठीक असूनही आवाज येतात म्हणजे प्रकरण डोक्याचं आहे. आई, आता एकटीने राहू नकोस. दोन वृद्धाश्रम दाखवून आणले त्याने मला. तुझ्या त्या अकॉर्डियनपायी, रोमिओ!"

हे रोमिओला ठाऊक नव्हतं. नेहमी जिभेच्या टोकावर तयार असणारी थाप आज तिथे नव्हती. हातातला केक उगाचच जड झाला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

"मला इथे सांगू नकोस. नगरपालिकेच्या सभेत तुझा अर्ज येईल तेव्हा सांग, माझ्या मुलासमोर. मग देते साक्ष." दार आणखी थोडं उघडून बाईंनी केक आत घेतला आणि दार लावून टाकलं.

सभेला निम्मं गाव लोटलं. रोमिओ उठला. "मिसेस हॅस्केलचे कान आणि डोकं, दोन्ही ठणठणीत आहेत. खोटारडा मी आहे."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "खोटारडे आहात, तर हे तरी खरं कशावरून?"

याचा विचार रोमिओने केला नव्हता.

"आणि अकॉर्डियन आपण वाजवता असं लेखी आहे इथे," एक सभासद म्हणाला.

"मला वाजवता येत नाही हो!"

"सिद्ध करा."

क्लोव्हिसचं अकॉर्डियन रोमिओच्या गळ्यात अडकवण्यात आलं. त्याने भाता ओढला मात्र, दारात शेपूट सापडलेल्या मांजराचा आवाज निघाला. पहिल्या रांगेतलं एक तान्हं मूल रडू लागलं.

"मुद्दाम वाईट वाजवताय," सभासद म्हणाला.

"इतकं वाईट मुद्दाम वाजवता येत नाही," हॅस्केलबाई उठून म्हणाल्या. "वाजवणारा वेगळा आहे. जेवणानंतर वाजवतो. बोटं हलकी आहेत, पण घाई करतो. आणि नाचाचा एक वॉल्ट्झ आहे, तो कधीच पुरा वाजवत नाही. निम्म्यावर आला की थांबतो. मग बराच वेळ काही ऐकू येत नाही."

मागच्या बाकावर क्लोव्हिसने टोपी काढून मांडीवर ठेवली. "लग्नात वाजला होता तो आमच्या," तो स्वतःशीच म्हणाला.

बाईंचा मुलगा बुटांकडे बघत होता. अर्ज मंजूर झाला.

मग नियम आले. मोठी खिडकी हवी, वेगळं दार हवं, आगीला दाद न देणारं छत हवं, आणि अनुदानाच्या बिऱ्हाडाचं भाडं सवलतीचं हवं. काम होईपर्यंत क्लोव्हिसला वर आणणं भाग होतं, आणि भाडेकरूला सोफ्यावर कसं झोपवायचं म्हणून त्याला दक्षिणेकडची उन्हाची खोली दिली. कंत्राटदाराने सारा हिवाळा खाल्ला. तोवर टीव्हीसमोरची खुर्ची क्लोव्हिसची झाली, स्वयंपाकघर त्याचं झालं, आणि हॅस्केलबाई रोज जेवणानंतर खुशाल आतच येऊन बसू लागल्या. रोमिओला स्वतःच्या घरात पाय पसरायला जागा उरली नाही.

खालचं बिऱ्हाड तयार झालं, तेव्हा तो आणि ल्युसिल नुसती हीटरची ऊब बघायला खाली गेले. खिडकीतून नदी दिसत होती. जमीन गरम होती. वरचा एक शब्द ऐकू येत नव्हता. दोघे तिथेच झोपले, आणि दुसऱ्या दिवशी ल्युसिलने उशा खाली नेल्या. क्लोव्हिसनेही खाली परतायचा आग्रह केला नाही. "मला वरच मानवतं," एवढंच म्हणाला.

वसंतात अनुदान कार्यालयातून एक तरुण बाई पाहणीला आल्या. क्लोव्हिसने ॲप्रनमध्येच वरचं दार उघडलं. खाली रोमिओ नव्या जिन्याच्या दाराला कान लावून उभा राहिला.

"घरमालक आपणच ना?"

"नाही बाई. मालक खाली असतात."

"खाली? आणि भाडेकरू?"

"मी. वर."

बाईंनी नियम चाळले. मालकाने दोहोंपैकी एका घरात राहिलं पाहिजे, एवढंच होतं. कोणत्या, ते नव्हतं. "हरकत नाही," त्या अनिच्छेने म्हणाल्या. "पण मग खालच्या बिऱ्हाडाचं सवलतीचं भाडं?"

क्लोव्हिसने आवाज खाली आणला. "मी काही मागत नाही त्यांच्याकडे. म्हातारी माणसं आहेत. सांभाळून घ्यायचं."

बाईंना गहिवरून आलं. रोमिओने दाराच्या मुठीला हात घातला, तेवढ्यात ल्युसिलने त्याची बाही धरली.

"गप्प बस," ती कुजबुजली. "उगाच वर जाऊन वाद घालशील. या भाड्यात असं घर पुन्हा मिळायचं नाही."